विहिरीकाठची केळ
केळीचा चीक हाताला लागला, की त्या तुरट वासासरशी मला सांडोरची आमची वाडी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाळाच्या पेशींमध्ये कधीकधी बदल आपोआप होतात, कुणात कमी, कुणात जास्त. दोष कुणाचाच नसतो." ते मला पटत नव्हतं. एका सकाळी, एरवी फारसं न बोलणारे सासरे मला वाडीत घेऊन गेले. धुकं अजून केळींत अडकलेलं होतं, पाटाचं पाणी सावकाश चाललं होतं, आणि पानांतून झिरपणाऱ्या हिरव्या उजेडात आम्ही जणू पाण्याखालून चालत होतो. विहिरीकाठच्या एका केळीपाशी ते थांबले. तिच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांपैकी दोघांच्या पानांवर पांढरे पट्टे होते. "सगळ्या केळी एकाच जातीच्या, माती एक, पानी एक," ते म्हणाले. "बाकीच्यांना असं पिलू क्वचित येतं. हिला दरसाल येतं. त्यात हिनं काय केलं?" त्या पट्ट्यांवरून बोट फिरवता फिरवता मला रडू आलं. ते पाटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या सासूचं पहिलं पोर असंच गेलं. तवा मी तिला नको ते बोललो." आता ते नाहीत. सासूबाई थकल्यात. आपलं चुकलं, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं का, असं विचारायचं ओठांवर येतं, आणि मी नुसतीच त्यांच्या केसांना तेल लावत राहते.