वेढ्यातल्या शहराला गहू

माझ्या फौजेत चाळीस हत्ती होते. ते तीनशे वर्षं चालत होते. या तीनशे वर्षांत एकाही हत्तीनं पेंढीभर कडबा खाल्ला नाही, पाण्याला कुठं थांबा घेतला नाही आणि रस्त्यात लीद टाकली नाही. हा असला खेळ ज्यानं कुणी बनवला, त्याला धरून आठवडाभर आमच्या तांड्यावरच्या गोठ्यात उभं केलं पाहिजे.

खेळ लॅपटॉपवरचा. नकाशावर षटकोनी घरं, जुन्या काळातली राज्यं आणि चालीमागून चाल. आपण आपली चाल करून बटण दाबायचं, मग समोरचे राजे त्यांची करतात. ते सगळे राजे कॉम्प्युटरच चालवतो, खेळणारे आपण एकटे. मला सगळ्यात आवडलं ते हे, की आपण चहाला उठलो तरी शत्रू तलवार उपसून जागच्या जागी थांबतो. बावीस वर्षं हट्ट्याच्या शाळेत इतिहास शिकवतोय, एवढी आज्ञाधारक मंडळी मी पाहिली नव्हती.

लॅपटॉप लेकीचा. दिवाळीच्या सुट्टीत ती होस्टेलवरून वसमतला घरी आली आणि "बाबा, तुम्ही लढाया शिकवता ना, मग एक जिंकून दाखवा," म्हणत तिनंच हे खूळ माझ्या डोक्यात घातलं. अट एकच. रविवारी सकाळच्या गाडीनं ती जाणार आणि लॅपटॉपही जाणार. तोवर जिंकलो तर जिंकलो. वरून शहाणपणा मीच केला. ती म्हणाली, "सोपा लावू का? चुकलं तर मागं जाऊन परत खेळता येतं." मी छाती काढून म्हणालो, "इतिहासात मागं जाता येत नसतं. कठीण लाव." तिनं लावला. हे वाक्य लक्षात ठेवा. घरातल्यांनी अजून ठेवलंय.

नकाशा उघडला आणि पहिला भडका तिथंच उडाला. आपला सगळा मुलूख पिवळा, ओसाड. पूर्णा नदी नाही, कयाधू नाही. घरावर टिचकी मारली की खाली येतं: कोरडी जमीन, अन्न एक. एक! व्यापाराच्या मालात रेशीम आहे, मोती आहेत, हस्तिदंत आहे. हळद नाही! वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या ढिगापुढं उभा राहून आयुष्यभर शिंकलेल्या माणसाला हे ऐकवतात. मी ईर्ष्येनं राजधानी तिथंच वसवली आणि नाव ठेवलं वसमत. दुसरं शहर हट्टा. तिसरं साखरा, कारण आमचा तांडा त्या बाजूला आणि याडीला बरं वाटावं म्हणून.

याडी म्हणजे माझी आई. ती बोलते आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. इथं तुमच्यासाठी मी तिला मराठीत बोलती करतो. दुपारी मी खेळायला बसलो की ती सुपात गहू घेऊन शेजारी निवडत बसायची, आणि एक डोळा पडद्यावर.

"ह्यो कोण?"

"उत्तरेचा बादशहा. आपला दुश्मन."

"आन हा हात जोडून उभा राह्यला तो?"

"त्याचा वकील. काही मागायचं असलं की येतो. हिरवं दाबलं की व्हय, लाल दाबलं की न्हाई."

"तू काय दाबतो?"

"लाल."

"दर बारी?"

"दर वेळी."

तिनं सूप पाखडलं. "चांगली रीत हाय तुझ्या राज्याची."

शनिवारपर्यंत मी बादशहाची राजधानी चारी बाजूंनी घेरली. शहराच्या डोक्यावर गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असतं. आधी दहा ओंब्या होत्या. मी रस्ते अडवले, तशी चालीमागं एकेक गळत गेली. दुपारी एकच उरली. अजून दोन चाली, आणि दरवाजा उघडणार, राज्य माझं! खेळ संपायला अकरा चाली बाकी होत्या, म्हणजे वेळ भरपूर. मी मनातल्या मनात मिरवणूकही काढून ठेवली होती.

"ह्या ओंब्या कमी काहून व्हून राहिल्या?" याडीनं विचारलं.

"आतले लोक उपाशी आहेत. उपाशी राहिले की आपोआप शरण येतील." मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं.

तिचा सुपातला हात थांबला. याडीचा हात थांबला की सावध व्हायचं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण विजयाच्या दोन चाली अलीकडं माणसाला काही सुचत नाही.

तेवढ्यात आतून बायको ओरडली, "अवो, नळ आला! तुमचं राज्य ठेवा बाजूला अन् मोटर लावा आधी."

आमच्या गल्लीत नळ आला की राजा असो की रंक, धावायचंच. परत कधी येईल त्याचा भरोसा नाही. समोरच्या राजांची चाल चालू होती, ती तशीच सोडून मी पळालो. मोटर लावली, पाइप धरला, हौद भरला, टाकीकडं पाणी सोडलं आणि ओल्या पायानं परत आलो.

शहराच्या डोक्यावर दहा ओंब्या होत्या.

वसमतचं कोठार रिकामं, हट्ट्याचं रिकामं, साखऱ्याचंही रिकामं. माझे चाळीस हत्ती वेढा उठवून माळावर उभे. खाली लिहिलेलं: धान्य दिल्याबद्दल बादशहा आभारी आहे, दहा चालींचा तह. अकरांतून दहा गेल्या. उरलेल्या एका चालीत मी काय जिंकणार, धूळ?

"याडी! कोण आलं होतं?"

"तोच. हात जोडून. गव्हाची ओंबी दाखवत व्हता."

"मग?"

"मग काय? दारात माणूस उपाशी उभा. त्याला काय सांगू, थांबा जरा, मालक पाणी भरायला गेलेत?"

"अगं, तो दुश्मन होता!"

"तुझा. आपला कवा व्हता?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या आज्याचा आजा बैलावर गोण्या लादून फौजांना दाणा पुरवायचा. म्होरच्या बैलाच्या शिंगाला आरसे, गळ्यात घंटा. ती वाजली की इकडचे बी आन तिकडचे बी हात खाली घ्यायचे. आधी दाणा उतरू द्यायचे, मग मारायचे एकमेकाला. दाणा दोन्हीकडं जायचा. एकाला दिला आन एकाला न्हाई, असं केलं असतं तर आपले बैल जित्ते राह्यले असते व्हय?"

"ते व्यापारी होते! मी राजा आहे!"

"कवापासून?"

लेक दारात उभी राहून पोट धरून हसत होती. मी तिला म्हणालो, मागं जायची काहीतरी सोय असेल, कर. ती म्हणाली, "बाबा, इतिहासात मागं जाता येत नसतं." आणि बायको अंगणातून ओरडली, "राजे, टाकी वाहून राहिली! मोटर कोण बंद करणार, बादशहा?"

मी लॅपटॉप खाडकन मिटला. संध्याकाळी जेवलो नाही. याडी ताट घेऊन आली आणि म्हणाली, "वेढा घातला का सोत्ताला?" मग जेवलो. रविवारी लेकीला स्टँडवर सोडलं, खिडकीतून तिनं लॅपटॉपची पिशवी हलवून दाखवली, अगदी मुद्दाम.

खरा संताप पुढंच आहे. शाळा उघडली. सातवीला धडा होता, वेढ्याचाच. "किल्ल्याला चार महिने वेढा पडला." हे वाक्य मी बावीस वर्षं घडाघडा म्हणत आलोय. त्या दिवशी "चार महिने" म्हटलं आणि जीभ अडकली. चार महिने बाहेरची फौज खात काय होती? पुस्तक उलटंपालटं केलं. तोफा किती, घोडे किती, सेनापती कोण, सगळं आहे. दाणा कुणी आणला याची एक ओळ नाही. आणि तो आणणाऱ्यांच्या घरचा माणूस बावीस वर्षं खडू हातात घेऊन हेच पुस्तक वाचून दाखवतोय! त्या खेळवाल्याला मी शिव्या घालत होतो, त्यानं निदान गव्हाची ओंबी तरी काढली होती. मी फळ्यावर एक बैल काढला. बरा आला नाही.

बुधवारी लेकीचा फोन आला. "बाबा, तुमचा खेळ उघडला. पाच चाली खेळले."

"हल्ला करता येतोय का?"

"न्हाई, तह आहे ना. पण तो वकील परत आलाय, हात जोडून. ह्यावेळी दुसराच राजा आहे, पूर्वेकडचा. त्यालाही गहू पाहिजे."

"लाल दाब!" मी ओरडलो. "कोठार आत्ताच कुठं भरत असंल. लाल!"

बाजेवरून याडीनं हात पुढं केला. मी फोन दिला नाही. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, कानाला उलटा लावला आणि विचारलं, "किती जण हायेत गं त्याच्या गावात?"

पलीकडं लेक काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. याडी बराच वेळ मान हलवत राहिली. मग फोन माझ्या हातात ठेवून पुन्हा सूप ओढून बसली.

"काय म्हणाली?"

"हिरवं दाबलं म्हणाली," याडी म्हणाली. "आन इचारत व्हती, म्होरच्या बैलाला घंटा कुठून लावायची."