सहीविना एक पान नाही

त्या मोठ्या ऑफिसात तिला सगळे झाडताई म्हणत. तिचा धंदा म्हणजे ऑफिसांना झाडं भाड्याने देणं. झाडं हिची, कुंड्या हिच्या, निगाही हिनेच राखायची. ऑफिसने फक्त हिरव्या कोपऱ्याकडे बघून बरं वाटून घ्यायचं. करार एका वर्षाचा. वर्ष संपलं की पुन्हा सही, नाहीतर नमस्कार!

"असलं अधांतरी काम हवंय कुणाला?" सासूबाई दर वर्षी म्हणायच्या. "कायमची नोकरी बघ एखादी."

"बघते हं, आई," म्हणत झाडताई चपला घालून बाहेर पडायची. पण कराराचा शेवटचा महिना लागला की तीही मनातल्या मनात हिशेब मांडायची. निम्मं घर त्या एका ऑफिसच्या जिवावर चालत होतं. तोंडावर मात्र ती काही दिसू द्यायची नाही.

यंदा मॅनेजरसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "वरून मंजुरी यायचीय. झाडं राहू द्या तशीच. कागद काय, होतील आज ना उद्या."

'आज ना उद्या' ऐकलं की झाडताईचं डोकंच फिरायचं. मागे एका ठिकाणी तिने अशीच तोंडी भरवशावर झाडं ठेवली होती. मंजुरी आली नाही, आणि तिला कुणी आत सोडेना. काचेच्या दाराबाहेर उभं राहून स्वतःची झाडं वाळताना बघायची म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक.

"सही झाली की सगळी परत आणते, साहेब," ती म्हणाली. "सहीविना एक पान राहायचं नाही."

टेम्पोत कुंड्या चढवताना नवऱ्याने जपूनच विषय काढला. "अगं, ठेवली असतीस तर जागा तरी अडून राहिली असती. रिकाम्या कोपऱ्यांची सवय झाली त्यांना, तर?"

"माझी झाडं काय रुमाल आहेत, जागा धरायला टाकलेले?"

बिचाऱ्याने दोर आवळून बांधला.

"आल्या का सगळ्याजणी माहेरपणाला!" सासूबाईंनी दारातच स्वागत केलं. दोन खोल्यांचं घर ते. कपाटासमोर झाडं, पलंगाखाली झाडं, नवरा जेवायला बसला तर डोक्यावर पान. साहेबांच्या केबिनबाहेरचं झाड त्यात अगदीच पिवळं पडलेलं. त्याची माती वर्षभर कधी सुकलीच नव्हती. कोणीतरी मेलं मधल्यामध्ये पाणी ओतत होतं. झाडू मारणाऱ्या बाईंवर झाडताईचा संशय, तर त्या मुलाबाळांची शपथ घ्यायच्या. आता जागाच उरली नाही म्हणून ते झाड सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या खिडकीत गेलं.

"माझा उजेड अडवला हिने," त्या कुरकुरल्या.

ऑफिसकडून फोन काही येईना. आला तो झाडूवाल्या बाईंचा. "ताई, इथं प्लास्टिकची झाडं आलीत हो."

झाडताईने फोन ठेवला, तोंड धुतलं, केस नीट केले आणि ती निघाली. तिची ढकलगाडी तिथेच राहिली होती, ती तरी आणायला हवी होती.

ऑफिसात कोपऱ्याकोपऱ्यात गुळगुळीत, एकसारखी, नको इतकी हिरवी झाडं उभी होती. ती गाडी घेऊन वळली, तोच साहेब फोनवर बोलत केबिनबाहेर आले. हातात पाण्याचा पेला. बोलता बोलता दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी सवयीने शेजारच्या कुंडीत ओतलं. प्लास्टिकच्या झाडाच्या! कुंडी आधीच काठोकाठ भरलेली. पाणी धो धो साहेबांच्या बुटांवर.

"अगंबाई! म्हणजे ते तुम्ही होतात?"

साहेबांचे कान लाल झाले. फोन ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले, "सवय हो. ते झाड... आहे का अजून?"

"आहे. तुमच्या तावडीतून सुटल्यापासून बरं आहे."

त्यांना हसू आवरेना. "मंजुरीचं मी आजच बोलतो वर. तोवर तेवढं एक आणता का?"

मोह झाला हो तिला. फार झाला. पण ती म्हणाली, "सही झाली की सगळी येतील, साहेब," आणि गाडी ढकलत ताठ मानेने निघाली. जिन्यापासून मात्र सोन्यासारखी संधी आपण आपल्याच हाताने घालवली की काय, असं तिला घर येईपर्यंत वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात सही झाली. पुन्हा पूर्ण वर्षाची. झाडताईने घरी येऊन सांगितलं, तशा सासूबाई उठून बसल्या.

"कधी जायच्यात या?"

"सोमवारी. सुटलात तुम्ही!"

खिडकीतल्या झाडाला एक नवं पान फुटत होतं, अजून पुरतं उलगडलेलं नव्हतं. सासूबाईंनी कुंडी जरा स्वतःकडे ओढून घेतली. "ही नाही जायची."

"अहो आई, साहेबांना नेमकं तेच हवंय! आणि तुमचा उजेड?"

"मला काय करायचाय उजेड? जा, सांग त्यांना."

झाडताईने डोळे पुसले आणि तिथूनच फोन लावला. "साहेब, सोमवारी झाडं घेऊन येते. तुमचं तेवढं येणार नाही."

"का हो? गेलं की काय?"

"छे! त्याला कायमची नोकरी लागली."