राणीच्या झग्याचे अस्तर

बोलपट नुकते सुरू झाले होते, त्या काळी हॉलीवुडच्या आमच्या स्टुडिओत हंगेरीहून आलेल्या वृद्ध इलोन्काबाई वादास राजदरबाराची वस्त्रे शिवीत असत. एका संगीतिकेत राजा राणीला गाण्यातून मागणी घालतो, तो प्रसंग सकाळपासून चार वेळा वाया गेला. कारण राणीच्या झग्याचे रेशमी अस्तर सळसळे आणि ध्वनिमुद्रकाला दुसरे काही ऐकूच येत नसे.

"मावशी, राजाचं प्रेम राहिलं बाजूला, तुमचं कापडच बोलतंय!" तो ओरडला.

जेवणाच्या सुट्टीपूर्वी आवाज थांबला नाही तर नोकरी जाईल, असे दिग्दर्शकाने बजावले. इलोन्काबाईंनी अस्तर उसवले आणि राजरथाच्या घोड्याची लोकरी झूल कापून आतून टाचली.

"घोड्याची झूल? मला?" राणी झालेली नटी किंचाळली.

"घोडा कुरकुरला नव्हता हो, बाईसाहेब."

प्रखर दिव्यांखाली त्या लोकरीत नटी घामाघूम झाली आणि राजाचे गाणे संपण्याआधीच तिने घाईघाईने होकार देऊन टाकला. तो स्वच्छ ऐकू आला. दिग्दर्शक पोट धरून हसला व त्याने तोच प्रसंग चित्रपटात ठेवला. दुपारी इलोन्काबाईंच्या मेजावर सहा दासींचे झगे येऊन पडले, अस्तर बदलण्यासाठी.