आबांच्या डोक्यातलं पाणी

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर मी तपासणीसाठी अठरा हजार रुपये अनामत म्हणून भरले. बरोबर माझी पत्नी, धाकटे चुलते आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले वडील होते.

आबांचं वय चौऱ्याहत्तर. गाव म्हसवडच्या पुढं. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, पुढं पाणी आलं तशी त्यांनी डाळिंब लावली. अशा माणसाचे पाय वर्षभर जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. पाऊल उचलत नव्हतं, फरफटत होतं. मग विसरभोळेपणा आला. मग धोतर ओलं व्हायला लागलं आणि त्यांनी चारचौघांत जाणंच सोडलं. वय झालं, असं गाव म्हणालं. सांगलीत बसून मीही तेच म्हणत होतो.

एमआरआय बघून डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. मेंदू रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार करतो. एका वेळी आत असतं दीडशे मिलीच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं, हा हिशेब मी मनात केला. हे पाणी मेंदूतल्या पोकळ्यांतून फिरतं, बाहेरून मेंदूला आणि खाली मणक्यातल्या मज्जारज्जूला वेढतं, त्याचा कचरा धुऊन नेतं आणि शेवटी रक्तात मिसळतं. झोपेत ही धुलाई जास्त होत असावी, पण त्यातलं बरंच अजून नक्की कळलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. आबांच्या डोक्यात पाणी तयार होत होतं, पण त्याचा निचरा मंदावला होता. पोकळ्या फुगल्या होत्या. कमरेतून थोडं पाणी काढायचं आणि चाल सुधारते का बघायचं. सुधारली तर ऑपरेशन, डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी. उशीर केला तर गेलेलं परत येईलच असं नाही.

आबांना सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणालो, "आबा, घाबरायचं काही नाही. डोक्यात पाणी झालंय, एवढंच."

चुलत्यांनी कपाळाला हात लावला. आबांचा चेहरा उतरला.

"मला घरला न्या."

"अहो, साधी तपासणी आहे."

"डोक्यात पाणी झाल्यालं मेंढरू वाचल्यालं बघितलंयस कवा? एका जाग्याला गरगर फिरतंय, चारा सोडतंय. तसली सात-आठ मी माज्या हातानं खाटकाला दिल्यात. तुज्या कॉलेजच्या फीत त्यातली दोन गेल्याती."

"आवं दादा, तुमी काय मेंढरू हाय का?" चुलते म्हणाले.

"मग गाडीवर घालून कशाला आणलंय मला?"

संमतीच्या कागदावर सही आबांचीच हवी होती आणि ते पेन हातात घेईनात. आज परत नेलं, तर ते पुन्हा मिरजेला येणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

पत्नीनं डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या स्टूल ओढून आबांसमोर बसल्या.

"आजोबा, मेंढराच्या डोक्यात जंताची पिशवी वाढते. तुमच्या डोक्यात पिशवी नाही. पाणी तुमचंच आहे, जायची वाट तेवढी सुस्तावलीय."

"आन ते काढून सोडणार कुटं?"

"नळी घातली तर पोटात."

"पोट फुगलं म्हंजे?"

"नाही फुगत. पोट शोषून घेतं."

आबा चुलत्यांकडं वळून म्हणाले, "गड्या, बाईला मेंढरातलं कळतंय." आणि सही केली.

पाणी काढायच्या आधी त्यांना व्हरांड्यात चालवलं, दुपारी पुन्हा चालवलं. मोबाइलवर चित्रण करायचं काम माझ्याकडं होतं. फरक पडला नाही तर पुढं काही करता येणार नव्हतं, आणि पडला तर या वयात डोक्याला भोक पाडायचं. मला दोन्हीची भीती होती. सकाळी वळायला आबांना बारा-तेरा पावलं लागली होती. दुपारी ते चार पावलांत वळले. "पाय सुटलं की रं," ते म्हणाले.

तो आराम टिकणारा नव्हता. सांगलीला माझ्या घरी तीन दिवसांत पाय पुन्हा फरफटायला लागले, धोतर ओलं झालं. ते बदलताना माझ्याकडं न बघता आबा म्हणाले, "घाला म्हणावं नळी."

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी तुंबणं, हे सगळे धोके मला पाठ झाले होते. त्यातलं काही झालं नाही. अजून होऊ शकतं. चाल आधी सुधारते, आठवण सुधारेलच असं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी आबा काठी टेकत स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर आले. तिथल्या टपरीवर त्यांनी, चुलत्यांनी आणि मी चहा घेतला. बंडीच्या खिशातून पैसे काढून आबांनीच दिले. मला बरं वाटलं. कप निम्मा झाला तसा त्यांचा हात पुन्हा खिशात गेला.

"चहाचं द्याचं ऱ्हायलंय."

"दिलेत आबा. तुम्हीच दिलेत."

"व्हय का?" त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी खोटं बोलत असेन असं त्यांना वाटलं असावं. नोट मात्र हातातच राहिली.

सगळं धरून हॉस्पिटलला एक लाख शहाण्णव हजार चारशे रुपये भरले. चहावाल्याला तीस दिले, ते आबांनी.