पुतळाबाईची परात

वेसाव्याच्या कोळीवाड्यात समुद्र लागणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणजे आमचा हरेश्वर. होडी किनाऱ्याला बांधलेली असली तरी आत पाय टाकला की त्याला उलटी होते. वडिलांनी त्याला तीनदा मासेमारीला नेऊन पाहिलं. तिसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेतून परत आणून सोडलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग हरेश्वर मरोळच्या एमआयडीसीत अ‍ॅनोडायझिंगच्या कारखान्यात लागला, आणि तिथे मात्र असा रमला की विचारू नका.

अ‍ॅनोडायझिंगला कुणी 'कलर' म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. अ‍ॅल्युमिनियम आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली, की त्याच्याच अंगावर एक कडक थर चढतो. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि शेवटी उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं मिटवायची. हे सगळं मला पाठ आहे, कारण त्याने ते निदान चाळीस वेळा सांगितलंय. मॅट म्हणजे काय, ग्लॉसी म्हणजे काय, यंत्राच्या भागांना लागतो तो जाड करडा थर कसा वेगळा, सगळं. एकदा आमच्या अंधेरीच्या घरी चहाला आला, तर खुर्चीवर बसायच्या आधी खिडकीपाशी गेला. ब्रॉन्झ फिनिश म्हणून जास्तीचे पैसे मोजून मी त्या चौकटी बसवल्या होत्या. त्याने किल्लीने कोपऱ्यात जरासं खरवडलं, पोपडा निघाला. "काका, नुसता रंग मारलाय हो," म्हणाला, आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसला. मला इतका राग आला की मी त्याला दुसरा कप विचारलाच नाही.

त्याची आई पुतळाबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. आम्ही तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ती सांगायची, "पत्र्यांना आंघोळ घालतो." बाजार हसायचा. हरेश्वरला ते फार लागायचं. बायको मानायची, मालक मानायचा, पण त्याला हवी होती ती आईची पावती. आपला मुलगा कारागीर आहे एवढं तिने एकदा तोंडाने म्हणावं, बस्स.

म्हणून त्याने तिची मासे मांडायची अ‍ॅल्युमिनियमची परात घेतली. मालकाला विचारून ती टाकीत घातली आणि सोनेरी करून आणली. दिसायला झकास. देवघरात ठेवावी अशी. रविवारी पुतळाबाईने तीत पापलेटं मांडली आणि गिऱ्हाइकं येऊन, बघून, पुढे जायला लागली. कारण आमच्या वसुधाने सांगितलं. आमची ही तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मावशी, पापलेटांना कावीळ झालीय का?" सोन्याचा पिवळेपणा माशांवर पडला होता. पुतळाबाईने त्या दिवशी उरलेली पापलेटं शेजाऱ्यांत वाटली आणि मुलाशी दोन दिवस अबोला धरला.

दुसरी परात त्याने तांबूस केली. पण आईचा राग लवकर जावा म्हणून घाईत होता, आणि शेवटचं उकळत्या पाण्यातलं काम राहूनच गेलं. छिद्रं उघडीच राहिली. पुतळाबाईने त्यात ओले बोंबील मांडले आणि परातीने बोंबलांचा वास असा पिऊन घेतला की लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली, वास काही जाईना. कोळणीने वासाची तक्रार करावी म्हणजे वास केवढा असेल बघा. रिकामी परात घेऊन ती घरी निघाली तर एका रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला, आणि गल्लीतल्या पाच मांजरी दारापर्यंत सोबतीला आल्या. हरेश्वरची पुरती वाट लागली.

तिसरी परात काळी. या वेळी त्याने एकही पायरी सोडली नाही. मॅट काळा, अगदी एकसारखा, उकळत्या पाण्यात पुरा वेळ ठेवून बंद केलेला. त्यावर पापलेट ठेवलं की चांदीचं वाटायचं. बाजारात गर्दी झाली. शेजारी बसणारी मालन तीनदा उठून बघून गेली. पुतळाबाईने त्या रविवारी परातीतलं सगळ्यात चकचकीत पापलेट घरी न्यायला बाजूला काढलं आणि मुलाला निरोप धाडला की दुपारी कालवण करते. हरेश्वरला अंदाज आला. आज आई बोलणार. साक्षीदार असावा म्हणून त्याने मला आग्रहाने जेवायला बोलावलं. खिडकीचा राग विसरून मीही गेलो, कारण पुतळाबाईचं कालवण.

ताटं वाढली. मी तुकडा उचलला तर तो बोटांत विरघळला. चव घेतली आणि गिळावं की थांबावं ते कळेना. मासा शिळा होता. तोही चांगला दोन दिवसांचा, बर्फात उरलेला. हरेश्वरने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. मग पुतळाबाईने घास घेतला आणि ती चावायची थांबली. इतकी वर्षं ती स्वतःच्या परातीतला मासाही कल्ला उघडून, पोटाला अंगठा दाबून मगच घरी न्यायची. काळ्यावर तो इतका चमकत होता की तिने अंगठा लावलाच नव्हता.

ती उठली, हात धुतला, परात उन्हात नेऊन उलटसुलट बघितली. हरेश्वर मान खाली घालून बसला होता. मला त्याची खरंच दया आली. तीन पराती आणि तिन्ही फुकट.

"बरफवाल्यानी नाय, दलालानी नाय," ती परातीकडे बघतच म्हणाली. "चालीस वरसान मना कोनी फसवला नाय. तू पयला."

मग तिने गिऱ्हाइकांना असं फसवायचं नाही म्हणून परात माळ्यावर टाकायला सांगितली, पण टाकण्याआधी पदराने पुसली. कालवण मांजरींना गेलं. आमच्यासाठी तिने अंडी फोडली आणि चढत्या आवाजात खिडकीतून शेजारणीला सगळा किस्सा सांगायला लागली, माझ्या पोराने मला फसवलं, मला, पुतळाबाईला. हरेश्वरने चार पोळ्या खाल्ल्या. पाचवी घेता घेता तो थांबला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "काका, ऐकलंत ना?"