शहरातल्या नातवाची अंडी

दुर्पताबाईच्या परसात पाच गावरानी कोंबड्या होत्या, आणि त्यांच्या एकाही अंड्यावर घरातल्या कोणाचा हक्क नव्हता. ती अंडी गोंदियाच्या नातवाची. धाकट्या देवेंद्रनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "माय, पोट्ट्याच्या अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरनं गावरानीच अंडी द्याले सांगितलं." झालं! नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करून जिनं त्याला शिकवलं, तिला एवढं पुरे होतं. शहरातलं लेकरू म्हणजे बिचारं, त्याला ना ताजी भाजी ना तळ्याची मासोळी. गावातलं काय, मातीतही वाढतं, अशी तिची पक्की समजूत. दर रविवारी देवेंद्र मोटारसायकलवर यायचा आणि कोंड्यात अंडी रचलेली टोपली घेऊन जायचा.

घरात थोरल्या बिसरामची मुलगी रुची होती, तीन वर्षांची. तिला दोन्ही वेळ भात आणि पातळ वरण. तिनं अंड्याला हात लावला की आजी खेकसायची, "ठेव! दादाचं आहे ते." परवा अंगणवाडीच्या मंजूबाईनं रुचीच्या दंडाला मापाची पट्टी लावली. पट्टी पिवळ्यावर आली, लालच्या अगदी जवळ.

"पोट्टी खूपच कमजोर आहे. घरी कोंबड्या आहेत नं? अंडी देत जा," मंजूबाई म्हणाली.

रुचीची आई रीना सासूकडे पाहत राहिली. सासू म्हणाली, "एवढा हप्ता जाऊ दे."

त्या रविवारी देवेंद्र आलाच नाही. नातवाचा खाडा नको म्हणून दुर्पताबाई स्वतःच टोपली मांडीवर घेऊन एसटीत बसली. गोंदियात देवेंद्रच्या घरमालकिणीनं तिला फाटकातच अडवलं.

"अम्मा, अंडे अंदर नहीं जाएंगे. हमारे यहाँ नहीं चलता. आपके बेटे को पहले दिन से मालूम है."

टोपली पायरीवर ठेवून ती आत गेली. नातू टीव्हीपुढे चिप्सचं पाकीट फोडून बसला होता, चांगला गुबगुबीत. अंडं आवडते का रे, असं तिनं विचारलं, तर त्यानं नाक मुरडलं. "मैंने तो कभी खाया ही नहीं!"

देवेंद्र मान खाली घालून बोलला. "हापिसातल्या साहेबाले देतो, माय. त्याले गावरानीच लागते. तुले खरं सांगितलं असतं तं तू देली असती का?"

"अन् पोट्ट्याचं रक्त?"

"ते... सांगाले लागते काहीतरी."

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता. टोपली त्याच्या डोक्यावर आपटावी इतका तिला संताप आला. पण अंडी फोडून साहेबाचं काय बिघडणार होतं? पाण्याचा घोटही न घेता ती टोपली उचलून परतली. आपलेच दात, आपलेच ओठ. एसटीतल्या कोणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

घरी येताच तिनं चुलीवर पाणी ठेवलं, चार अंडी सोडली आणि रीनाला सगळं सांगत मोठमोठ्यानं रडू लागली. "माह्या पोरानं मले फसवलं वो!"

रुचीला मांडीवर घेऊन रीना ऐकत होती. ती सासूजवळ सरकलीसुद्धा नाही.

"भाऊजी खोटं बोलले म्हणून तुमी रडून राहिल्या," ती म्हणाली. "त्यायचं बोलणं खरं असतं, अंडी पोट्ट्यानंच खाल्ली असती, तं माही पोरगी तशीच कमजोर राहिली असती नं?"

दुर्पताबाईचं रडणं तिथंच थांबलं.