ज्ञानूमामाची दोनची घंटा

ज्ञानूमामाचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेचा तो शिपाई. बावीस वर्षं पितळी घंटा वाजवतोय. पन्हाळ्याच्या सहलीहून मुलं त्याच्यासाठी ओंजळभर बोरं आणतात. त्यांना कॉम्प्युटर शिकवतो मी, पण मला कधी एक बोर मिळालं नाही.

म्हणून मीच आमच्या मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमना पटवलं की घंटा लॅपटॉपवरून वाजवू. तासांच्या वेळा लावून ठेवायच्या, स्पीकर आपोआप वाजेल. महिनाभर नीट चाललं तर पितळी घंटा उतरवायची, असं ठरलं. ज्ञानूमामा घंटा पुसत राहिला.

बाकी सगळ्या घंटा वाजायच्या, फक्त दोनची, मधल्या सुट्टीची, वाजायची नाही. मग ज्ञानूमामा पळत जाऊन टोल द्यायचा आणि मुलं "मामा, मामा!" करत बाहेर पडायची. माझ्या पोटात दुखायचं. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. आवाजाची फाईल जागेवर होती. शेवटी लॅपटॉपच्या नोंदी उघडल्या. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ठरलेलं काम सुरूच करायचं नाही, अशी एक अट आत होती. म्हणजे दोनच्या आधी कुणीतरी रोज चार्जरची पिन काढत होतं. कोण, हे मला कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. "ज्ञानूचंच काम," असं मॅडमना सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी त्याला रंगेहाथ पकडायला दीड वाजल्यापासून लॅपटॉपच्या खोलीत दारामागे उभा राहिलो. कुणी फिरकलं नाही. दोनला स्पीकर ठणठणीत वाजला.

ज्ञानूमामा दारात आला. "काय सर, आज चा ठेवला न्हाईसा व्हय?"

मी विजेच्या किटलीकडे बघितलं. खोलीत प्लग एकच. रोज पावणेदोनला चार्जर काढून मीच किटली लावत होतो.

"मामा, तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर हाय ती एक घंटा बी गेली असती की."

ती अट काढणं हे मिनिटाचं काम होतं. मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, "ज्ञानूमामानं काही केलेलं नाही, चूक माझीच. दोनची घंटा काही मला जमत नाही. तेवढी पितळीच राहू दे."

मुलं अजून "मामा, मामा!" ओरडतात आणि मी अजून जळतो. पण चहा पावणेदोनलाच ठेवतो.